माफीनाम्यावर सही नाही

मोरवाडी, पोस्ट घोटी
९ ऑगस्ट २००३

चि. धनराज यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. भाताची आवणी उरकली. सिंधुबाईची म्हैस व्याली, तिने तुझ्यासाठी खरवस ठेवला होता. तू येत नाहीस, तुझी चिठ्ठी मात्र येते.

चिठ्ठी वाचली. तुमचे जिल्हा परिषदेचे साहेब भडकलेत, मी अर्ज मागे घ्यावा, सोबतच्या माफीनाम्यावर सही करावी, नाहीतर माझी अंगणवाडी जाईल. माफीनामा तूच टाइप केलास ना? एकही चूक नाही त्यात. पण सही करणार नाही.

अर्जात असं काय जगावेगळं मागितलं रे मी? जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळाचे कान, डोळे, मान सहाव्या महिन्यातच डॉक्टरने गावात येऊन तपासावेत, एवढंच. साहेब म्हणतात, "शाळेत आल्यावर बघू, एवढी कसली घाई बाई?" मी तोंडावर सांगितलं, "साहेब, तोवर पोराचं निम्मं शिकणं हातचं गेलेलं असतं." तर मी उद्धट! असू दे.

तू विचारतोस, "ताई, तुला एवढं का लागलंय?" चार दिवस उत्तर टाळलं. आता ऐक.

हर्षाली आठ महिन्यांची असताना तृप्ती तिला माझ्याकडे घेऊन आली होती. "वन्सं, ही कशालाच दचकत नाय, बघा ना." मी तुझ्या लेकीला लाकडी पलंगावर बसवलं, पाठीमागे स्टीलची थाळी पलंगाला टेकवून लाटण्याने बडवली. पोर वळली. मी ओरडले, "ऐकतेय गं बाई!" घरोघरी साखर वाटली. अरे, पलंग हादरला म्हणून वळली होती ती! ट्रेनिंगमध्ये वजनकाटा, खिचडी, रजिस्टर सगळं शिकवलं, कानाबद्दल अवाक्षर नाही. पुढे तृप्ती पुन्हा रडत आली, तेव्हाही मीच म्हटलं, "आपल्याकडे सगळेच उशिरा बोलतात." बोल फुटावा म्हणून त्र्यंबकला नेऊन देवळाच्या घंटेवरून ओघळलेलं पाणी पाजायला लावलं, तेही मीच.

चौथ्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरांनी तिला ऐकूच येत नाही म्हणून सांगितलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" तू मान खाली घातलीस. मी शेजारीच होते, गप्प राहिले. तू अजून तृप्तीलाच बोल लावतोस आणि ती बिचारी मुकाट ऐकून घेते. माझी लाज वाटते मला. माफी मागायची तर तिची मागेन, तुझ्या साहेबाची नाही.

बुधवारी तुमच्या ऑफिसात येतेय. गावातल्या नऊ आया पोरं कडेवर घेऊन सोबत येणार आहेत. भागुबाई म्हणाली, "नोकरी गेली तर आम्ही जेवू घालू तुला, पण मागं नाय हटायचं." साहेबांच्या दाराशीच तुझं टेबल, तू असशीलच. आम्हाला अडव, नाहीतर बायकोलेकीला घेऊन आमच्यात उभा राहा. काहीही केलंस तरी मी आत जाणार.

या खेपेला तुझी ताई नव्हे, हर्षालीची आत्या,
सरिता