उपाशी ठेवायची बाटली

ता. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मैत्रिणीबरोबर काचेची एक बाटली पाठवली आहे. ती पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि कापसाचं बूच काढू नका. फोनवर 'बाटली' म्हटलं की तुम्हाला 'भेटली' ऐकू येतं आणि कोण भेटली म्हणून चौकशी सुरू होते, म्हणून हे पत्र.

आत शेवाळाचं पाणी दिसेल. ते निळे-हिरवे जिवाणू आहेत, माझी तीन वर्षांची मेहनत. ऊन आणि हवा खाऊन ते पोटात प्लॅस्टिकसारखं द्रव्य साठवतात, आणि ते मातीत कुजतं. साधे जिवाणू चिमूटभर साठवतात. जनुकं बदलल्यापासून माझे मूठभर साठवतात. पण खोड अशी, की पोट भरलेलं असलं की इकडची काडी तिकडे करत नाहीत. उपाशी ठेवले तरच साठवतात. म्हणून पाण्यात नत्र घातलेलं नाही. ते पिवळे पडतील. पडू द्या, काहीही घालू नका.

इथे प्रयोगशाळेची भिंत पाडताहेत, वीज सारखी जाते, म्हणून एक बाटली सरांच्या नकळत घरी. कानाला यंत्र लावत जा. लोभ आहेच, तो बाटलीवरही असू द्या.

तुमची,
ठकी

ता. २७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पंधरा दिवस मी खिडकीकडे पाठ करून चहा प्यायलो. पण तीस वर्षं बागखात्यात काढलेला माणूस मी. पान पिवळं पडलं की नत्र कमी, हे हाडात मुरलंय. तुझी बाटली पिकल्या पानासारखी झाली तेव्हा राहवलं नाही. युरियाचे चार दाणे टाकले. आठवडाभरात हिरवीगार झाली.

तू नको म्हणाली होतीस, ते वाचूनही केलं. त्यामुळे रागावू नकोस असं लिहायला मला तोंड नाही. पण तुझ्या लेकरांनी बाळसं धरलंय, ते बघून मला बरं वाटलं. जेवत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
बाबा

ता. ५ मार्च

बाबा,
आज नमस्कार लिहायची इच्छा नाही.

हिरवी झाली म्हणजे पोटात साठवलेलं सगळं खाऊन बसली. तुम्हाला एकच काम सांगितलं होतं, काहीही न करण्याचं. तेही आईच्या वेळेसारखंच पार पाडलंत.

ऑपरेशनआधी तिला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी सहा वर्षांची होते, पण मला लख्ख आठवतं. निळ्या काठाची वाटी, चमचा, दुधाने ओली झालेली तिची हनुवटी. भूल दिल्यावर ते दूध छातीत गेलं. कोणी पाजलं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही मान खाली घालून, मी पाजलं, राहवलं नाही, असं म्हणालात. तेच शब्द तुम्ही आता मला लिहिता. तुमच्या मायेने माणसं मरतात, बाबा. बावीस वर्षं हे गिळलं, आता गिळत नाही.

बाटली कुणाच्याच कामाची उरली नाही. जनुकं बदललेला जीव आहे, तसाच मोरीत ओतायचा नाही. अर्धा कप ब्लीच घाला, तासभर थांबा, मग ओता. एवढं तरी सांगितल्याप्रमाणे करा.

ठकी

ता. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाटलीला हात लावू नका. कालपासून फोन लावतेय, तुम्हाला घंटी ऐकू येत नाही.

वीज गेली आणि याच जिवाणूंच्या गोठवून राखलेल्या कुप्या वितळून खराब झाल्या. इथे दिव्याखाली वाढवत होते त्या सहाही बाटल्यांचा उपास अंधारात आणखी लांबला, पांढऱ्या पडून मेल्या. आता जगात तुमची एकच आहे. हिरवी बाटली वाया जात नाही, बाबा. पुन्हा उपाशी ठेवली की पुन्हा साठवते. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्हाला लागावं म्हणून तसं लिहिलं. आईचंही त्याच रागात लिहून गेले. शनिवारी येते. तोवर हवा तेवढा युरिया घाला. माफ करा आणि पूर्वीसारखाच लोभ ठेवा.

तुमची,
ठकी

ता. १३ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली, लिहिलीस त्याच क्रमाने. पहिलं मिळालं त्याच सकाळी ब्लीच आणलं. अर्धा कप मोजून घातलं, घड्याळ लावून तासभर समोर बसलो. दहा मिनिटांत हिरवा रंग गेला. मग ओतलं. या वेळी सांगितल्यापेक्षा काही कमीजास्त केलं नाही. शनिवारी येऊन नेण्यासारखं इथे काही नाही.

तुला वाटी आठवते, चमचा आठवतो, हनुवटी आठवते. मला यातलं काहीच आठवत नाही, कारण मी खाली औषधाच्या दुकानात रांगेत होतो. वर आलो तोवर आईला आत नेलं होतं आणि रिकामी वाटी तुझ्या हातात होती. दूध तूच प्यायलीस असं मला वाटलं. नंतर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. म्हणून मी पाजलं म्हणालो.

हे माझ्याबरोबरच जाणार होतं. तुझ्या भल्यासाठी लिहीत नाही. तुझा राग आला, म्हणून लिहितो.

कळावे. लोभ होता, तोवर गप्प होतो.

बाबा