वसमतहून आणलेला टेप

याडी, माझे आई, तू होतीस तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे लेकरांच्या पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून ठेवून शिकले, आणि आता लिहिता येतं तर तू नाहीस. आज लिहिते आहे ते टेपबद्दल. तुझ्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा सोनं, भांडी, पाहुणे, कशाचीच मला काळजी वाटत नव्हती. जीव अडकला होता तो एका कॅसेटमध्ये. तुझ्या भावाच्या पोरीला सासरी लावताना तू तिला गळ्याशी धरून ढावलो म्हटला होतास, चालीवर रडत, माहेरच्या एकेका माणसाला हाक मारत. ह्यांनी ते टेप करून ठेवलं होतं. आता तांड्यातल्या पोरी नुसत्या हुंदके देतात, चाल कुणाला येत नाही. तुझी नात मात्र हटून बसली, "मी आजीसारखीच रडीन. मला ऐकू दे." पण घरातला टेप म्हातारा झालेला. त्यात तुझा आवाज बाप्यासारखा जाड यायचा, आणि एकदा तर त्याने फीत गिळली होती. ह्यांनी पेन्सिलीवर गुंडाळून ती सरळ केली. आता हे नव्हते, पुन्हा गुंतली तर कोण सोडवणार?

म्हणून आम्ही मायलेकी वसमतला गेलो. कॅसेट पदरात गुंडाळून पोटाशी धरलेली, एसटीच्या खिडकीतून ऊन आलं की मी अंग वळवायची. दुकानदार हसला. "बाई, कॅसेट हाय ती, तान्हं लेकरू न्हाई. द्या इकडं."

"आधी तुमची लावा," मी म्हणाले. "तुमची गिळली न्हाई तर मग माझी."

त्याने दोन भोंग्यांचा मोठा टेप काढला आणि सिनेमाचं गाणं लावलं. काउंटरची काच थरथरायला लागली. नात म्हणते, "आई, हाच घे, कसा घुमून राहिला बघ!" मग तुझी कॅसेट लावली. मी झाकणावर हात ठेवूनच उभी. तू आलीस, पण त्या लग्नातल्या ताशाच्या आवाजात बुडालेली, कुठल्या तरी विहिरीतून हाक मारल्यासारखी.

"काहून रडून राहिली ही बाई?" दुकानदार दचकला. "कुणी गेलं का?"

"गेलं न्हाई, लगीन हाय," नात म्हणाली. "आमच्यात असंच रडतात."

"मग तुमच्यात मयतीला काय, नाचतात?"

नात हसली, मला मात्र हसू येईना. मी लहान टेप मागितला, एकाच भोंग्याचा, वर मूठ असलेला. त्यात ताशा मागे सरला आणि तू पुढे आलीस. शब्दन् शब्द मोकळा, मधे घेतलेला श्वाससुद्धा. फक्त आवाज बारीक होता. मला आठवत होता त्याहून बारीक की तेवढाच, ते मी ठरवत होते, तेवढ्यात नातीने विचारलं, "आई, आजीचा आवाज असाच होता का गं? बराबर असाच?" ती लहान असतानाच तू गेलीस, तिला कसं ठाऊक असणार. दुकानदारही माझ्याकडे बघून राहिला होता. मी म्हणाले, "व्हय. असाच."

महिनाभर ती त्या टेपजवळ बसून शिकली. निघायच्या वेळी माझ्या गळ्यात पडून तिने ढावलो धरला आणि म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावत म्हणाल्या, आजीच परत आली. त्या तुझ्याच वयाच्या, तुझ्याबरोबर गायलेल्या. त्या म्हणतात म्हणजे खरं असेल, असं मी अजून स्वतःला समजावते.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. जुना टेप जाड बोलायचा, नवा बारीक बोलतो. याडी, त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या मला तुझा आवाज आठवत नव्हता.