कठड्याचा वाकलेला खांब

कोंकार्नो, शनिवार

तीर्थरूप बाबांस गाएलचा नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? कुत्री व्यायली का?

तुम्ही लग्नात आम्हाला राहायला दिलेल्या जुन्या, फायबरच्या शिडबोटीची गळती अखेर सापडली. थेंब रोनानच्या अंथरुणावर पडायचे. दर पावसात तो ओरडायचा, "छताची खिडकी परत उघडी टाकलीस ना, भवाने?" नुसता ओरडून थांबायचा नाही. असो. हलणारा दात आता घट्ट बसलाय.

रविवारी तो प्यायला गेल्यावर मी तुमचीच युक्ती केली. खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या, पंख्याने आत हवा कोंबली आणि डेकवर साबणाचं पाणी ओतलं. शेजारच्या बोटीवरची सोआझिक मदतीला होती. खिडकीपाशी काहीच नाही. बुडबुडे उठले ते कठड्याच्या खांबाच्या बुडाशी.

"अगं, हा तर वाकलाय! बैल बांधला होतास की काय?"

"ईस्टरला त्याने मला यावर आपटलं होतं."

तिने हातातली बादली खाली ठेवली.

खांब उपटून मी भोकं बुजवली, तेवढ्यात तो आला आणि त्याने माझे केस धरले. खांब माझ्या हातातच होता, बाबा. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज सोआझिकलाही ऐकू गेला. गुडघ्यावरचा दुसरा फटका मात्र मी निव्वळ रागाने घातला.

तो आता त्याच्या आईकडे आहे. आठवडाभर पाऊस कोसळतोय आणि बोट आतून कोरडी ठणठणीत आहे.

येताना कठड्याला नवा खांब आणा. जुना मी भंगारात देणार नाही; तो उशाशी असला की मला झोप लागते.

तुमचीच,
गाएल