डावीकडची जागा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजलाय, म्हणून उभ्याउभ्याच.) तुझा खोकला गेला का? वहिनीला शहर मानवलं का? इथे आम्ही सगळे मजेत आहोत आणि तुझी आठवण कोणालाही येत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. आई चहा करताना अजून तुझा कप काढते, पण ती नुसती हाताची सवय.

तर बोटीची हकीकत. बाबा ज्यांना 'पाहुणे' म्हणतात, ते जेलीफिश अजून मुक्काम ठोकून आहेत. मत्स्यखात्याच्या बाई सांगून गेल्या, की कुठल्या तरी लांबच्या समुद्रातून मोठ्या जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर ते इकडे आले. आले ते आले, मासळीची अंडी, पिल्लं आणि पिल्लांचं खाणंसुद्धा फस्त करून वर आपल्याच जाळ्यात येऊन बसतात. पूर्वी जाळं जड लागलं, की आपण एकमेकांकडे बघून हसायचो. आता जड लागलं, की एकमेकांकडे बघायचंच टाळतो. मागे त्यातलाच एक तुकडा उडून भावोजींच्या डोळ्याखाली लागला (तू गेल्यापासून तेच बोटीवर येतात, हौसेने नव्हे, ताईच्या धाकाने). तोंड असं सुजलं, की ताईने दार उघडून स्वतःच्या नवऱ्याला "कोण हवंय?" म्हणून विचारलं.

भावोजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी कुठे उभा राहू? आता आपली पद्धत तुला मी काय सांगणार. बाबा सुकाणूवर, मी उजवीकडे, तू डावीकडे, आणि तुझ्या "हं!" वर दोघांनी एकदम ओढायचं. मी म्हटलं, माझ्याजवळ उभे राहा, डावी जागा दादाची आहे. बाबांनी तिथे पडलेला दोर उचलून दुसरीकडे ठेवला.

मंगळवारी जाळं गच्च भरून आलं. मासा औषधालाही नाही, नुसते पाहुणे. मी आणि भावोजी दोघेही उजवीकडे, जाळ्याचं ओझंही उजवीकडे, आणि बोट अशी कलली की पाणी आत यायला लागलं. भावोजींनी आयुष्यभरातल्या चुका मोठ्याने कबूल करायला सुरुवात केली (ताईच्या कानावर घालू नकोस). बाबा सुकाणू सोडून डाव्या काठावर जाऊन बसले. पण त्यांचं वजन ते किती, वारा सुटला की आई त्यांना घरात बोलावते. शेवटी मी सुरी घेतली आणि जाळं कापलं. आपण दोघांनी अंगणात बसून विणलं होतं, तेच. बोट सरळ झाली. धक्क्यावर उतरल्यावर भावोजी म्हणाले, "आपण बुडालो असतो, पण दादाची जागा मात्र शेवटपर्यंत कोरडी राहिली असती!"

आणि तू लिहितोस, की मत्स्यालयात तू ज्या काचा पुसतोस, त्यांच्यामागे निळ्या उजेडात हेच जेलीफिश पोहतात आणि लोक तिकीट काढून "किती सुंदर!" म्हणतात. वाचून माझं डोकं फिरलं. मग वाटलं, चला, आपल्या समुद्रातलं काहीतरी तुला रोज दिसतं तरी. आम्हाला तुझं तेवढंही दिसत नाही. दादा, खरं सांगू? तुझा तो "हं!" ऐकावासा वाटतो रे. भावोजीही "हं" म्हणतात, पण दाढ दुखल्यासारखं.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. बाबा म्हणतात, नवं जाळं पाण्यात घालायच्या आधी डावीकडे माणूस हवाच. तू येत नसशील, तर ती जागा भावोजींना द्यावी लागेल. येतोस की देऊ, तेवढं लगेच कळव.

ता. ता. क. : येणार असशील तर लगेच कळव. येणार नसशील, तर मात्र उत्तराची काही घाई नाही.