मानपत्रातली रिकामी जागा

३ फेब्रुवारी, सकाळी ११
कॉलेजचा फोन. सहा वर्षांनी आठवण झाली यांना! कोच सर रिटायर होताहेत, शनिवारी समारंभ. सोबत जिमखान्यातल्या ‘पडद्यामागच्या व्यक्ती’चाही सत्कार. प्राचार्य म्हणाले, बाई, त्या दुसऱ्या सत्काराचं मानपत्र तुम्हीच लिहा, तुमच्यासारखं लिहिणारं इथे उरलं नाही. नावाची जागा मात्र सोडा, तेवढं गुपित आहे.
गुपित म्हणे! जिमखान्याचं ऑफिस अठ्ठावीस वर्षं कोणी सांभाळलं? मी काही दूधखुळी नाही.
सत्कार नाकारणार.

दुपारी ४
नाकारणं उद्धटपणाचं दिसेल. स्वीकारणार. हसणार मात्र नाही.

५ फेब्रुवारी
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, आत्मस्तुती हे पाप. पण हे ऑफिसचं काम आहे. लिहिलं: ‘संघ येण्याआधी आपण मैदानावर हजर असायचात. भर पावसात स्टॉपवॉचवर छत्री धरून आपण फायनल पार पाडलीत. हरलेल्या मुलीला पहिलं पाणी आपण दिलंत.’
चिरंजीवांनी वाचलं. म्हणाले, आई, तू तर घरातून साडेदहाला निघायचीस. नको तेवढं लक्षात ठेवतो. बापावर गेलाय.

६ फेब्रुवारी
फक्कीमामांचा फोन. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारण्यात यांचा जन्म गेला. बाई, मलाही बोलावलंय, काय घालू? म्हटलं, धुतलेलं काहीही चालेल. आणि मागेच बसा, पुढे गर्दी असेल.
बिचारे.

७ फेब्रुवारी
साडी तीनदा बदलली. हॉल ते गॅलरी चौदा फेऱ्या. अधीरपणा नव्हे, व्यायाम.

८ फेब्रुवारी, दुपारी ४
पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरली. स्टेजवर चढायला बरी.

संध्याकाळी ७
कोच सरांचं झालं. मग प्राचार्यांनी माझं मानपत्र वाचलं. वाक्यावाक्याला टाळ्या. पाण्याच्या वाक्याला मी अर्धी उठले. मग नाव आलं. फक्कीमामा.
गुडघ्यात कळ आल्याचं दाखवून खाली बसले. शेजारीण म्हणाली, बाम देऊ का?
मागच्या रांगेतून स्टेजपर्यंत यायला मामांना फार वेळ लागला. तोवर कोच सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या मानपत्रातला एक शब्दही मामांना सैल झाला नाही. छत्री त्यांचीच होती. पाणीही. मी ऑफिसच्या खिडकीत होते.
नंतर मानपत्र छातीशी धरून आले. म्हणाले, बाई, मला वाटायचं कोणी बघत नाही. तुम्ही तर खिडकीतून सगळं बघत होतात!
म्हटलं, ऑफिसचं काम होतं ते.
उद्या बायकोला घेऊन येतो, तिला तुमच्याच तोंडून वाचून दाखवा म्हणाले. मला अजिबात वेळ नाही.
दहाला येणार आहेत. साडी बाहेरच ठेवली आहे.