कांदा हुंगवला तरी गडी बाहेर बसेल

मी, ज्ञानेश रतन आहेर, वय चोवीस, नववी नापास, राहणार तालुका देवळा, जिल्हा नाशिक, सध्या सिलिगुडीला कांद्याच्या गोडाऊनवर हमाल, कोणाच्या दबावाखाली नसताना व न पिता हे मृत्युपत्र लिहितो. डोक्याला पट्टी आहे, पण डोकं ठिकाणावर आहे.

एवढ्या लवकर का, तर फोनवर माझं कोणी ऐकत नाही. मेलेल्या माणसाचं दहाव्याला तरी सगळे गप बसून ऐकतात.

कारण असे. मागच्या रविवारी गावी फुटबॉलच्या सेमीफायनलला माझा धाकटा भाऊ हर्षल गोलपोस्टवर डोकं आपटून पडला. आमचे कॅप्टन, कोच व सख्खे मामा पुंजाराम यांनी नेहमीप्रमाणे कांदा फोडून नाकाला लावला. हर्षलने डोळे उघडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा म्हणाले, "ऊठ, लय नाटकं नको! कांदा हुंगवला ना?" हर्षल उठला, आपल्याच गोलमध्ये बॉल घातला आणि शर्ट काढून नाचत पळाला. मामा म्हणतात, पोरगं दमलं होतं. घरी येऊन त्याने आईला विचारलं, "मावशी, मॅच कधी हाय?" तो अजून तेच तेच विचारतो. आणि येत्या रविवारी मामा त्याला फायनलला उतरवणार आहेत.

मला यातलं कळतं, कारण मीही इथे हेडर मारताना पडलो. मी ओरडलो, "कांदा आणा!" इथल्या गड्यांना वाटलं भूक लागली, मुरमुऱ्यात कांदा कापून आणला. मी खाऊन परत मैदानात निघालो तर चौघांनी धरून बसवलं. डॉक्टर म्हणाले, "कांद्याने नाक जागं होतं, मेंदू नाही. दुसरा मार बसला तर संपलास." सबब खालील व्यवस्था.

कलम एक. बँकेत माझे जे आहे त्यातून आधी हर्षलला नाशिकला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यावे. यासाठी मी मरायची वाट बघू नये. आई, एटीएमचं कार्ड डाळीच्या डब्यात आहे.

कलम दोन. माझी गोधडी गोलपोस्टला गुंडाळावी. ते पोस्ट जुन्या कांदाचाळीच्या लोखंडी अँगलचे आहेत, हे मामा सोडून सगळ्यांना टोचतं. गोधडी आईने शिवलेली आहे, तिला वाईट वाटेल. पण आई, तुझाच पोरगा त्यावर आपटतो.

कलम तीन. ग्लोव्हज हर्षलला, पण डॉक्टरने लिहून दिल्यावर. पोती उचलायचा हुक इथल्या बिमलला. माझा पुढचा दात नांदगावच्या मैदानात पडला आहे, सापडेल त्याने ठेवून घ्यावा. त्या दिवशीही मामांनी मला कांदाच दिला होता.

कलम चार. मैदान म्हणजे खळ्यामागचं वावर. ते वाटणीत माझ्या नावावर आलं आहे, हे मामा विसरले असतील. ते मी टीमला कायमचं देतो, मामांच्या नावावर नाही. अट एकच: डोक्याला मार लागलेला गडी कांदा हुंगवला, पाणी मारलं, स्वतः "मी बरा हाय" म्हणाला, तरी त्या दिवशी बाहेर बसेल. डॉक्टरशिवाय परत उतरणार नाही. मामांचा सख्खा भाचा असला तरी.

कलम पाच. मी अजून जिवंत असल्यामुळे कलम चारची अट आजपासून लागू. रविवारी हर्षल मैदानात दिसला, तर गावच्या सावळीरामभाऊंनी चालू मॅचमध्ये आपला ट्रॅक्टर घालून वावर नांगरावे व कांद्याचं रोप टाकावे. मामांना पुढे हुंगवायला कामास येईल.

कलम सहा. मामांबद्दल राग नाही. मला फुटबॉल त्यांनीच शिकवला. त्यांना माझी शिट्टी द्यावी. गडी पडला की वाजवावी, एवढंच त्यांनी अजून शिकायचं आहे.

ठिकाण: सिलिगुडी. बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५.

सही: ज्ञानेश रतन आहेर

साक्षीदार १: बिमल, गोडाऊनवरचा. (मराठी येत नाही, हुक मिळणार हे सांगितलं आहे.)

साक्षीदार २: सावळीराम, ट्रॅक्टरवाले, व्हिडिओ कॉलवर हजर. त्यांचं म्हणणं: "रोटाव्हेटर जोडून ठेवतो, पण डिझेल कोणाचं ते लिही." डिझेल मामांचं.

ताजा कलम: सही झाली, सावळीरामभाऊंनी गावभर सांगितलं आणि आईचा फोन आला. मामा स्वतः गाडी काढून हर्षलला नाशिकला नेत आहेत. मृत्युपत्राचं ऐकून हर्षल विचारतोय, "दादा मेला का?" नाही मेला. परत विचारलं तर परत सांगावे.