चुरीचं मडकं

तीर्थस्वरूप अर्जुनराव दाजी यांना रोहिणखेडहून मोतीरामचा, मान जितकी वाकते तितकी वाकवून नमस्कार. गीताताईचे गुडघे कसे आहेत? तुमची भट्टी बरी लागते ना? फोनच करणार होतो, पण तुमचं हसणं कानानं ऐकण्यापेक्षा पत्र बरं.

गेल्या दिवाळीत तुमच्या अंगणात मी काय बोललो ते तुम्ही विसरला नसाल (ताई तर नक्कीच नाही). गिट्टीच्या खदानीवर दगडाच्या चुरीचे ढीग वाया चाललेत, ती चाळून मातीत कालवली की मडकं फुटायचं नाव घेत नाही, आणि जुने कुंभार खापरं गोळा करत बसणार, असं म्हणालो होतो. तुम्ही चहा संपवून भट्टीकडे गेलात. चुरीनं मडकं पक्कं होतं, हे मात्र खोटं नाही. बाजारात मी ते जमिनीवर आपटून दाखवायचो. पहिलं घेतलं किसनरावांनी. तीस वर्षं मी त्यांच्याच नाल्याची माती नेतो, कधी हटकलं नाही. मडकं वाजवून म्हणाले, "मोतीराम, हे माह्यापेक्षा जास्त जगते पाह्य बे."

सोमवारी किसनराव गेले. मडकं अर्थात माझ्याकडूनच गेलं, आणि घरात चुरीशिवाय दुसरं नव्हतं. त्यांचा मुलगा गजेंद्र मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरू लागला, पुतण्या भागवतनं भोक पाडायला मागून दगड मारला. टण्ण. दुसऱ्या फेरीला पुन्हा टण्ण. तिसऱ्या फेरीला दगडाचाच टवका उडाला. शेवटी गजेंद्रनं मडकं मागे टाकलं, तर ते गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. कोणीतरी कुऱ्हाड उलटी करून तुंबा मारला, काठाची तेवढी कपची निघाली. (कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.) ज्या माणसानं जन्मभर माती दिली, त्याच्याभोवती शेवटचं पाणी सांडायचं एवढंच त्या मडक्याचं काम होतं. मला फार लाज वाटली, दाजी.

दुसऱ्या दिवशी बसायला गेलो, तर किसनरावांच्या पत्नी, शालूवहिनी, विचारतात, "भाऊ, मडकं काऊन नाही फुटलं हो? त्याहिले जायाचं नव्हतं का?" त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. चाळणी, प्रमाण, आच, सगळं मी गावभर सांगत फिरलो होतो. वहिनींसमोरून मात्र कामाचं निमित्त काढून उठलो.

चुरी मी सोडणार नाही. कुंड्यांना ती उत्तमच. ताईला नमस्कार.

आपला,
मोतीराम

ता. क. : दहाव्याला, बुधवारी, घाटावर दुसरं मडकं फोडलं तरी चालतं, असं गुरुजी म्हणतात. ते वहिनींच्या डोळ्यांदेखत फुटायला हवं. माझ्या सगळ्या मातीत चुरी कालवलेली. तुमच्या साध्या मातीचं एक मडकं मंगळवारच्या आत जळगाव जामोदहून एसटीनं पाठवा, ओळखीच्या माणसाच्या मांडीवर द्या. वाटेत फुटायला नको.

आणखी ता. क. : एक नको, दोन पाठवा. दुसरं मी माळ्यावर ठेवीन. आमच्या पोरावर, प्रज्वलवर, कधी गजेंद्रसारखी वेळ यायला नको. त्याच्या आईनं, जयमालेनं, विचारलं तर दाजींनी दही लावायला दिलंय, असं सांगेन.